पाहुणी म्हणून जाऊ नकोस

ताई,

मी सनीवेलला राहते. वय ३१, नोकरी आयटीतली, व्हिसा एच-१बी. ऑफिसातले तिघं दर वर्षी ऑगस्टच्या शेवटी नेवाडाच्या वाळवंटात बर्निंग मॅन नावाच्या मेळ्याला जातात. त्यांचा चाळीस जणांचा कॅम्प आहे. यंदा मलाही चल म्हणतायत. मला जायचंय, पण का जायचंय ते मी त्यांना सांगितलेलं नाही. मागच्या सप्टेंबरात बाबा गेले. व्हिसाच्या कागदांपायी मला वेळेत निघता आलं नाही. घरी पोचले तेव्हा तिसरा दिवस होऊन गेला होता. कॅम्पमधली एक जण बोलता बोलता म्हणाली, की तिथे लाकडाचं एक देऊळ बांधतात, लोक त्यावर आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहितात आणि शेवटी ते जाळतात. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

मी शाकाहारी आहे, दारू घेत नाही, तंबूत कधी राहिलेली नाही. कॅम्पच्या फॉर्मवर प्रश्न आहे, 'तुम्ही कॅम्पला काय देणार?' मला गाता येत नाही, नाचता येत नाही. रांगोळी येते, ती काढू का? बाबांचं सांगलीला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, शाळा सुटली की मी तिथेच असायचे, त्यामुळे कलाबिला शिकायचं राहूनच गेलं. वर्गणी सातशे डॉलर, शिवाय स्वयंपाकाच्या दोन पाळ्या. एक सहकारी म्हणतो, रविवारी सकाळीच निघू, नाहीतर परतीच्या रांगेत सगळा दिवस जातो. आईला कळलं तर म्हणेल, वाळवंटात नागव्या लोकांत कशाला जातेस. काय करू?

— स., सनीवेल

प्रिय स.,

तुला 'तू' म्हणते. तू ताई म्हणालीस, मग तेवढा हक्क मी घेते.

जा. नक्की जा. पण त्या फॉर्मवर काय लिहायचं ते आधी ठरवू, कारण बाकीची उत्तरं तिथूनच निघतात. 'कलाबिला शिकायचं राहूनच गेलं' ही तुझी ओळ मी तीनदा वाचली. स., ज्या गावाला तू निघाली आहेस ते सायकलवर चालतं. सत्तर हजारांच्या आसपास माणसं आठवडाभर तिथे राहतात, आणि एकदा गाडी तंबूशेजारी लावली की ती परत निघेपर्यंत हलवायची नसते. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पायी गेलीस तर तासभर मोडतो. म्हणून जो तो सायकल आणतो, बहुतेक जण स्वस्तातली, गॅरेजात वर्षभर पडलेली. ती तिथल्या धुळीत दुसऱ्या दिवशीच कुरकुरायला लागते. चेन सुकते, ब्रेक घासतात, हवा उतरते, चाक आऊट जातं. भर दुपारी सायकल हातात धरून दोन-दोन किलोमीटर चालत येणारी माणसं मी पाहिली आहेत. अशा जागी जिला पंक्चर काढता येतं, चाकाचा आऊट काढता येतो, ती कॅम्पच्या तोंडाशी एक स्टूल टाकून बसली तर तिच्यापुढे रांग लागेल. फॉर्मवर 'सायकल दुरुस्ती' लिही. तुझ्या बाबांनी तुला जे शिकवलं ते तिथे सोन्याच्या मोलाचं आहे.

आता जागेबद्दल थोडं. सहकाऱ्यांनी तुला गमतीजमतीच जास्त सांगितल्या असतील. १९८६ साली लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स या दोन मित्रांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर आठेक फुटी लाकडी माणूस उभा करून जाळला. बघायला वीसेक माणसं होती. मग दर वर्षी तो मोठा होत गेला, आणि १९९० मध्ये पोलिसांनी किनाऱ्यावर जाळायला मनाई केली, तेव्हा तो नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात नेला. हे वाळवंट वाळूचं नाही. लाहोन्टन नावाचं प्राचीन सरोवर आटून राहिलेला हा तळ आहे. खारट, पांढुरका, टेबलासारखा सपाट. तिथे गवताची काडी उगवत नाही. १९९७ मध्ये याच सपाटीवर एका गाडीने जमिनीवर आवाजाचा वेग ओलांडला, यावरून ती जमीन कशी असेल ते तुझ्या ध्यानात येईल. सगळे या जागेला प्लाया म्हणतात. शहर दोन-तृतीयांश वर्तुळात वसतं, रस्त्यांना घड्याळातल्या वेळांची नावं, दोनपासून दहापर्यंत. मधोमध तो माणूस, त्याच्या मागे देऊळ, आणि पलीकडे उघड्या प्लायावर लोकांनी वर्षभर खपून बनवलेली शिल्पं. त्यातली कित्येक चढून, फिरवून, आत बसून बघायची असतात. बऱ्याच शिल्पांतून रात्री आगीचे झोत निघतात. शनिवारी रात्री माणूस जाळतात, रविवारी रात्री देऊळ. मग सगळे आवरून जातात आणि तिथे काही होतं याची खूण उरता कामा नये.

तिथे विकत फक्त बर्फ मिळतो. पाणी नाही, जेवण नाही, विसरलेला टूथब्रश नाही. हार्वीने २००४ साली या मेळ्याची दहा तत्त्वं लिहून काढली. त्यात एक आहे स्वतःचं स्वतः बघायचं, आणि दुसरं, सगळं मिळून करायचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही दोन एकमेकांच्या विरुद्ध वाटली होती. तिथे राहिल्यावर कळलं. प्रत्येकाने आपलं पाणी, आपलं पांघरूण, आपलं औषध आणलेलं असतं, म्हणूनच दुसऱ्यासाठी हात मोकळे राहतात. जो नुसता हात हलवत येतो त्याची काळजी चाळीस जणांना वाहावी लागते.

आपल्याकडचे लोक याची वारीशी तुलना करतात. दिंडीलाही वर्गणी असते, ट्रक असतो, पालं पडतात, पहाटे चूल पेटते, कुणी पाण्याकडे, कुणी भाकरीकडे. इथवर जुळतं. पण वारीच्या वाटेवर गावं असतात आणि ती गावं वारकऱ्याला जेवू घालतात. प्लायावर गाव नाही. तुझा कॅम्प हेच तुझं गाव, आणि त्याला जेवू घालणाऱ्यांत तूही आहेस. सातशे डॉलर भरले म्हणजे आपलं देणं संपलं असं धरून चालू नकोस. त्या पैशांतून सावलीचं छत येतं, जनरेटर, स्वयंपाकाची भांडी, पाण्याच्या टाक्या, सामानाचा ट्रक येतो. ते उभं करायला आणि उतरवायला माणसंच लागतात.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. २०१४ मध्ये मी पहिल्यांदा गेले. त्या वर्षी सोमवारी पाऊस झाला आणि गेट दिवसभर बंद राहिलं. मी त्या एका दिवसाने वैतागले, आणि पुढचे सगळे दिवस जणू तिकिटाचे पैसे वसूल करायचे असल्यासारखी भटकत राहिले. स्वयंपाकाची एक पाळी मी दुसरीच्या गळ्यात घातली. रविवारी सकाळी, तुझा सहकारी म्हणतो तसंच, रांग चुकवायला निघाले. देवळाचं जळणं बघितलं नाही. घरी आल्यावर कॅम्पमधल्या एका मैत्रिणीचा फोन आला. रागावली नव्हती. तिने फक्त सांगितलं, की सोमवारी छत उतरवायला अकरा जण उरले होते, आणि त्यातल्या एकाचा खांदा दुखावला. ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. पुढच्या खेपेला, २०१६ मध्ये, मी मुख्य जमावाच्या आधी जाणाऱ्या उभारणीच्या तुकडीत नाव दिलं. चार दिवस फक्त दोऱ्या ताणल्या, खांब धरले, भांडी घासली. ज्यांच्याबरोबर ते केलं त्यांच्याशी आजही बोलणं आहे, त्यांच्या मुलांच्या वाढदिवसांना मी जाते.

तेव्हा रविवारी निघायचं नाही. एक तर देऊळ रविवारी रात्री जळतं, आणि तू त्याचसाठी निघाली आहेस. दुसरं म्हणजे सोमवारी 'स्ट्राइक' असतो, म्हणजे कॅम्प उतरवायचा असतो. सहकाऱ्याला आत्ताच स्पष्ट सांग, 'मी सोमवारी दुपारनंतर निघणार, तू थांबणार नसशील तर मी दुसऱ्या गाडीत जागा बघते.' बाहेर पडायला लागणारे तास खरेच आहेत, कधी सहा, कधी दहा. गाड्या टप्प्याटप्प्याने सोडतात, मध्ये इंजिन बंद करून बसायचं असतं. त्यासाठी मंगळवारची रजा टाक.

स्वयंपाकाच्या पाळ्यांना घाबरू नकोस, तू तिथे कामाची ठरशील. चाळीस जणांत सात-आठ तरी शाकाहारी असतातच, आणि सगळा आठवडा त्यांच्या वाट्याला बहुतेक पास्ता येतो. मुगाची खिचडी मोठ्या पातेल्यात लाव, वर साजूक तूप, आणि डब्यात मेतकूट. पण एक अडचण आधी सांगते, हिचा विचार आपल्या सवयीत नसतो. प्लायावर वापरलेलं पाणी जमिनीवर ओतता येत नाही. भांडी धुतलेलं, हात धुतलेलं, अगदी तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा डब्यात भरून घरी न्यावं लागतं, नाहीतर उथळ ट्रेमध्ये वाळवावं लागतं. चाळीस जणांचे डाळ-तांदूळ तीनदा धुवायचे म्हटले तर किती पाणी होईल! म्हणून डाळ-तांदूळ घरीच धुऊन, कडक वाळवून, भाजून पिशव्या भरून ने. फोडणीचं सगळं मोजून पुड्यांत बांध. कांदा-लसूण घरी सोलून, चिरून, परतून गोठव आणि बर्फाच्या पेटीत ठेव. लसणाची साल वाऱ्यावर उडाली की तिचा पत्ता लागत नाही, आणि ती कुणाला तरी गुडघ्यावर बसून वेचावी लागते.

या वेचण्याला तिथे फार किंमत आहे. जे त्या जमिनीचं नाही ते सगळं 'मूप'. पिस्त्याचं टरफल, टिकली, केस, कपड्यावरून गळलेला मणी. शहरात कचऱ्याची एकही पेटी नसते, जो तो आपला कचरा गाडीत घालून नेतो. सगळे गेल्यावर सफाईची तुकडी अख्खं शहर रांगेने चालत तपासते, आणि कुठल्या जागेवर किती मूप सापडला याचा नकाशा काढून सगळ्यांना दाखवते. जमीन सरकारी आहे. नंतर सरकारी खात्याचे लोक येऊन तपासणी करतात, आणि एकरामागे एक चौरस फुटापेक्षा जास्त कचरा सापडला तर पुढच्या वर्षीचा परवाना अडचणीत येतो. ज्यांचा कॅम्प नकाशावर लाल येतो त्यांना पुढच्या वर्षी जागा मिळायची पंचाईत होते.

यातच तुझ्या रांगोळीचं उत्तर आलं. जमिनीवर काढू नकोस. रंगाची भुकटी त्या पांढऱ्या मातीत मिसळली की कुणालाच परत काढता येणार नाही. हौस दाबून टाक असं मात्र मी म्हणत नाही. प्लायवूडचे दोन मोठे तुकडे घे, गेरूच्या रंगाने रंगव, आणि त्यावर पांढऱ्या ऑइल पेंटने ठिपक्यांची रांगोळी घरीच काढून ने. कॅम्पच्या दाराशी दोन बाजूंना उभे केलेस तर शोभतील आणि येताना ट्रकमध्ये परत येतील. झेंडूची फुलं, पिसं, चमकी यातलं काही नको. तिथे उंबऱ्यावरचं तोरणही कापडी हवं, पक्कं शिवलेलं.

देण्याघेण्याबद्दल तुझ्या मनात गोंधळ असेल. तिथे काही विकत नाहीत आणि बदल्यातही काही मागत नाहीत. पुष्कळ नवे लोक यामुळे घाबरून शंभर-शंभर बिल्ले किंवा ब्रेसलेटं वाटायला नेतात. नेऊ नकोस, त्यातली निम्मी धुळीतच सापडतात. दुपारी दोनला कुणाच्या हातात थंड आमसुलाचं पाणी दे, मीठ-साखर-जिरं घातलेलं. त्या उन्हात घामावाटे किती मीठ जातं हे माणसाला कळत नाही, डोकं धरून बसतात. मी २०१८ मध्ये दोन किलो आमसुलं नेली होती, गुरुवारी संपली. आणि सायकल दुरुस्त करून दिल्यावर कुणी काही देऊ लागला तर संकोच करू नकोस, मनापासून दिलं असेल तर घे. काही न देता नुसता हसून निघून गेला तरी त्याने तुझं काही बुडवलं नाही.

दारू वाटणारे पुष्कळ भेटतील, तिथल्या बारमध्येही वय तपासायला ओळखपत्र मागतात. 'मी घेत नाही' एवढं म्हटलं की पुरतं, तिथे आग्रह करण्याची रीत नाही. तुझ्यासाठी गंभीर गोष्ट दुसरी आहे आणि ती मी आईच्या काळजीने सांगते. नेवाडा राज्यात गांजाला परवानगी असली तरी ही जमीन केंद्र सरकारची आहे, तिथे तो गुन्हाच आहे, आणि केंद्राचे व काउंटीचे पोलीस आठवडाभर फिरत असतात. अमेरिकन मित्रासाठी जे दंडावर निभावतं ते तुझ्या व्हिसासाठी, पुढच्या ग्रीन कार्डासाठी फार महागात पडू शकतं. जाताना-येताना ज्या गाडीत बसशील त्या गाडीत काय आहे हे आधी विचार. लाजू नकोस. 'माझ्या व्हिसाचा प्रश्न आहे' म्हटलं की चांगला मित्र लगेच समजतो, आणि जो समजत नाही त्याच्या गाडीत बसायचंच नाही. अनोळखी माणसाने दिलेली बर्फी, चॉकलेट, केक खाऊ नकोस.

त्या गाडीतून जाताना आणखी एक. रीनो ओलांडलं की ४४७ नंबरच्या रस्त्यावर पिरॅमिड लेक पायूट या मूळ रहिवासी जमातीची वस्ती लागते. तो त्यांचा प्रदेश आहे, आणि एका आठवड्यात हजारो गाड्या त्यांच्या दारावरून जातात. वेगाची मर्यादा काटेकोर पाळा. रस्त्याकडेला त्यांचे खाण्याचे गाडे असतात, परत येताना पैसे घेऊन कचरा घेणारेही असतात. काही घ्यायचं ते त्यांच्याकडून घ्या.

सामानाची यादी तुझा कॅम्प देईलच, मी मोजकं सांगते. पाणी माणशी दिवसाला दीड गॅलन, म्हणजे साडेपाच लिटरच्या वर. हे किमान समज. धूळ क्षारयुक्त आहे. अनवाणी चाललीस तर टाचा भेगाळून रक्त येईल. रोज रात्री पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पाय पूस, मग तेल किंवा क्रीम लावून मोजे घाल. वावटळ उठली की हाताच्या अंतरावरचं दिसत नाही, म्हणून डोळ्यांना घट्ट बसणारा गॉगल आणि चांगला मास्क सदैव गळ्यात. अशा वेळी सायकल चालवायची नाही, जिथे आहेस तिथे खाली बसायचं. दिवसा चाळीसच्या आसपास तापलेली हवा पहाटे हुडहुडी भरवते, आणि इथेच आपले लोक फसतात. लोकरीची टोपी ने. तंबूच्या नेहमीच्या खुंट्या तिथे टिकत नाहीत, कॅम्पमधले लोक लांब आट्यांचे बोल्ट ड्रिलने जमिनीत मारतात, त्यांच्याकडून आधीच शिकून घे. ऑक्टोबरपासून पैसे साठवून महागडा तंबू घेणारे आणि तो न बांधता फिरायला जाणारे मी पाहिले आहेत. संध्याकाळी तंबू डोंगराकडे गेलेला असतो.

बायकांनी एकमेकींना सांगायचं तेही सांगते. फिरती संडासं स्वच्छ असतात, पण त्यात शरीरातून निघालेलं आणि एकपदरी कागद याशिवाय काही टाकायचं नाही. ओले वाइप्स नाहीत, पॅड नाही. एकाने टाकलं तर उपसणारा पाइप तुंबतो आणि शेकडो लोकांची गैरसोय होते. पॅडसाठी घट्ट झाकणाचा डबा ने. रात्री एकटी लांब जाऊ नकोस, सायकलला आणि स्वतःलाही दिवे लाव. अंधारात न दिसणारा माणूस तिथल्या अवाढव्य सजवलेल्या गाड्यांपुढे येऊ शकतो. काही खटकलं, कुणी नको तितकं जवळ आलं, तर मोठ्याने नाही म्हण आणि खाकी कपड्यातल्या रेंजरला शोध. ते पोलीस नाहीत, स्वयंसेवक आहेत, आणि शांतपणे ऐकून घेतात.

आणि योजनेवर फार विसंबू नकोस. २०२३ मध्ये मी तिथे होते. शुक्रवारी पाऊस सुरू झाला आणि ती सपाट जमीन काही तासांत अशी झाली की चपलेला वीत-वीत चिखल चिकटायचा. गाड्या बंद, गेट बंद, अन्नपाणी जपून वापरा असं सांगितलं गेलं. संडासाचे टँकरही फिरू शकत नव्हते. माणूस शनिवारऐवजी सोमवारी जाळला, देऊळ मंगळवारी. बाहेर बातम्यांत फार भयंकर चाललं होतं, माझ्या धाकट्या भावाचा जीव टांगणीला लागला होता. आत काय होतं सांगू? आमच्या शेजारच्या कॅम्पचं छत कोसळलं, त्यांची बारा माणसं आमच्याकडे झोपली. मी दोन्ही वेळा खिचडी लावत होते. मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून माणसं एकमेकांकडे पीठ, बॅटऱ्या, कोरडे कपडे पोचवत होती. काही जण चिखलातून कित्येक किलोमीटर चालत रस्त्यापर्यंत गेले. त्यांनाही मी नावं ठेवणार नाही, प्रत्येकाची निकड वेगळी असते. पण दोन दिवसांचं जास्तीचं अन्नपाणी आणि दोन दिवसांची जास्तीची रजा, एवढं धरूनच निघ.

आता आई. तिला न सांगता जाऊ नकोस. आठवडाभर फोन लागेलच असं नाही, तिकडे पाऊस झाला आणि बातमी सांगलीपर्यंत पोचली तर तिचे काय हाल होतील? वर्ष झालेलं नाही अजून. उघडेपणाबद्दल तिने विचारलं तर खरं सांग. काही जण तसे फिरतात, बहुतेक जण चित्रविचित्र कपड्यांत असतात, कुणी कुणावर सक्ती करत नाही आणि न विचारता कुणाचा फोटो काढणं हा तिथे मोठा गुन्हा समजतात. मूर्ती घडवायची, दहा दिवस तिच्याभोवती घर जागवायचं आणि मग ती आपल्या हातांनी पाण्यात सोडायची, हे जिने जन्मभर केलं तिला लाकडाचं देऊळ बांधून जाळणारी माणसं समजायला अवघड जाणार नाहीत. पण हे बाबांचं तिथे केलेलं श्राद्ध आहे असं तिला सांगू नकोस. ते देऊळ कुठल्या धर्माचं नाही, तिथे मंत्र नाहीत. वर्षश्राद्ध घरी तिच्या पद्धतीने होऊ दे, त्याची तारीख तिला विचारून घे आणि त्या दिवशी फोनवर तिच्याबरोबर राहा. देवळात तू जाणार आहेस ते तुझं तुझ्यापुरतं, आणि ते पुरेसं आहे.

त्या देवळाची गोष्ट तुझ्या मैत्रिणीने सांगितली नसेल. २००० साली डेव्हिड बेस्ट हा शिल्पकार आपल्या सोबत्यांबरोबर प्लायावर एक लाकडी रचना उभारणार होता. निघायच्या थोडं आधी त्यांच्यातला एक तरुण मोटारसायकलच्या अपघातात गेला. तरीही ते गेले, त्यांनी ती बांधली आणि ती त्याच्या आठवणीची झाली. येणारे-जाणारे थांबायला लागले, आपल्या माणसांची नावं लिहायला लागले. पुढच्या वर्षापासून ते जाणूनबुजून त्यासाठीच बांधलं जाऊ लागलं. दर वर्षी नवं, पुढे वेगवेगळ्या कलाकारांच्या हातचं.

२०१८ मध्ये मी माझ्या थोरल्या बहिणीसाठी गेले होते. मी पहाटे साडेपाचला गेले, तूही त्याच वेळी जा. रात्रभर जागलेली आणि नुकतीच उठलेली माणसं एकत्र असतात आणि कुणी बोलत नाही. दारात स्वयंसेवक बसलेले असतात, ते फक्त लक्ष ठेवतात. भिंतीवर कुत्र्याचा पट्टा, लग्नाचा पोशाख, बाळाचे मोजे, पानंच्या पानं पत्रं. त्यात एका खांबावर मला देवनागरीत लिहिलेलं 'आजी' दिसलं, नुसतं तेवढंच, खाली नाव नाही. मी माझ्या बहिणीचं नाव त्याच्याखाली लिहिलं. आणि मग मला रडू आलं, शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते त्यांनी पाण्याची बाटली माझ्यापुढे ठेवली आणि निघून गेले.

तुला वेळेत पोचता आलं नाही हे तू पत्रात एका ओळीत सांगून पुढे गेलीस. मी त्या ओळीपाशी थांबले. तिथे बाबांना मराठीत पत्र लिही, कितीही लांब. तिसऱ्या दिवशी पोचलीस तेव्हा दारात काय दिसलं ते लिही, विमानात काय वाटत होतं ते लिही, राग आला असेल तर तोही. जाड मार्कर बरोबर ने, लाकडावरही लिहिता येतं. त्यांचा फोटो कागदावर छापून ने, पण काचेची फ्रेम काढून. दुकानाचं जुनं पावतीपुस्तक घरात असेल तर त्याचं एखादं पान. पाना, पक्कड, सायकलची घंटा यातलं काही मात्र देवळात ठेवू नकोस. लोखंड जळत नाही, राखेतून ते कुणाला तरी वेचावं लागतं.

शनिवारी माणूस जळतो तेव्हा ढोल, संगीत, आतषबाजी, आरडाओरडा, सगळं असतं. रविवारी रात्री हजारो लोक जमिनीवर बसलेले असतात आणि फक्त लाकूड तडकल्याचा आवाज येतो. तेव्हा कॅम्पमधल्या त्या मैत्रिणीला शेजारी बसवून घे. एकटी बसू नकोस. त्याआधी तिला खरं कारण सांगितलंस तर बरं, म्हणजे तिला तुझा हात केव्हा धरायचा ते कळेल.

फॉर्म आज भरून टाक. आणि आईला फोन करशील तेव्हा सुरुवात वाळवंटापासून करू नकोस. तिला विचार, दुकानातली हत्यारं कुठे ठेवली आहेत. पंधरा नंबरचा पाना आणि टायर काढायच्या पट्ट्या शोधून ठेव म्हणावं, मला हव्यात, इथे सायकली दुरुस्त करायच्या आहेत. कशासाठी ते ती विचारेलच. सांगलीहून पार्सल यायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढा वेळ तुझ्याकडे आहे.

तुझी,
ताई